सारजाबाईंची हरकत

सारजाबाई बावीस वर्षं करंजवाडीच्या कोतवाल होत्या. हर्सूलच्या पलीकडचं हे गाव, आता शहराच्या हद्दीत आलेलं. नवरा गेल्यावर त्याची जागा त्यांना मिळाली, तेव्हा ‘बाईमाणूस काय कोतवालकी करणार’ म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्याच दारात त्या नोटिसा घेऊन उभ्या राहिल्या. गावचा बांध न् बांध त्यांना तोंडपाठ. तलाठी आले नि गेले, सारजाबाई तिथंच होत्या. साहेब लोक कागदावर भरवसा ठेवतात आणि कागद करताना सारजाबाईंना विचारतात, असा सगळा कारभार!

त्यांची एकच चूक झाली, ती दुष्काळाच्या साली. गावच्या ओढ्यात तीन वर्षं थेंब नव्हता. टँकर, ट्रॅक्टर, बैलगाड्या सगळं त्याच्या पात्रातूनच जायचं. अशात नकाशासाठी मोजणीदार आला. ऊन असं की बोलायचाही कंटाळा. सपाट पट्टी दाखवून त्यानं विचारलं, “ही काय?”

“वाट हाय साहेब. टँकरची,” सारजाबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या डोक्यात टँकरच होता. मोजणीदारानं नकाशात वाट काढली आणि दोघं पुढच्या बांधाला लागले.

कागदावर एकदा चढलं की ते उतरत नाही. शहराच्या नव्या विकास आराखड्यात त्या वाटेचा बारा मीटरचा रस्ता झाला आणि दोन्ही अंगांना प्लॉट पडले. त्यातला एक सुदर्शननं घेतला, सारजाबाईंच्या एकुलत्या एका पोरानं. वाळूजला कंपनीत शिफ्ट करून करून त्यानं जोत्यापर्यंत काम आणलं. आईला शेवटी पक्क्या घरात ठेवायचं, हे तो गावभर सांगत फिरायचा. सारजाबाईंना ओढा आठवत नव्हता असं नाही. पण इतकी वर्षं कोरडा पडलेला, आता कशाला येतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पोराच्या घरापुढं शहाणपण गहाण पडतं, दुसरं काय!

गेल्या सप्टेंबरात वर डोंगराकडं चार तास पाऊस कोसळला आणि दिवस मावळायच्या आत ओढा आला. सुदर्शनच्या जोत्यावरून गुडघाभर पाणी गेलं. तिथून ते खालच्या अंगाला भामाबाईच्या पत्र्याच्या खोलीत शिरलं. म्हातारी बाजेवर उभी राहून हाका मारत होती. लोकांनी दोर टाकून तिला काढलं. तिच्या दोन्ही शेळ्या गेल्या.

“मुरूम टाकून तीन फूट उचलतो,” सुदर्शन म्हणाला. “पाणी जाईल खाली.”

“खाली कुठं? भामाबाईच्या खोलीत?”



आराखडा पक्का व्हायच्या आधी त्यावर हरकती मागवल्याची नोटीस चावडीवर लागली. आयुष्यभर असल्या नोटिसा चिकटवल्या, पण सारजाबाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली ही पहिलीच. त्यांनी हरकत लिहून दिली आणि पोराला तसं तोंडावर सांगितलं.

“माय, दहा वर्षांची कमाई घातली म्या त्याच्यात,” एवढंच तो बोलला. तरी सुनावणीला मोटारसायकलवर घेऊन तोच आला.

अधिकारी बाईंनी नकाशा पसरला. “इथं तर वाट दाखवलीय. ओढा होता याला पुरावा काय?”

“ती वाट म्याच सांगितली मॅडम. चूक माझी हाय.”

मागून सुदर्शन उठला. “मायचं वय झालंय, मॅडम. तिला आता नीट आठवत नाय.”

उभ्या हयातीत सारजाबाईंच्या आठवणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते पोटच्या पोरानं. रागही आला, त्याची दयाही आली. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

“जुन्या सडकेखाली तिथं दगडी मोरी हाय. वाटेसाठी कोण मोरी बांधतं, मॅडम? जाऊन बघा.”

“ओढा धरला तर त्या पट्ट्यात बांधकाम बंद होईल. तुमच्या मुलाचा प्लॉटही जाईल. कळतंय ना?”

“कळतंय. लबाड बोलायचं असतं, तर दुसऱ्याच्या पोराचा घालवला असता.”

बाईंनी कागदावर लिहिलं: स्थळपाहणी करावी, तोवर परवानग्या थांबवाव्यात. सारजाबाईंनी खाली सही केली.

बाहेर सुदर्शननं गाडीला किक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. सारजाबाई मागं बसल्या. एरवी त्या त्याच्या खांद्याला धरून बसायच्या. आज हात तिथवर गेलाच नाही, त्यांनी मागची लोखंडी दांडी धरली.

हर्सूलचा तलाव मागं पडला. पुढं गतिरोधक आला. सुदर्शननं गाडी पार हळू केली.

“धर मला,” तो म्हणाला. “पडशील.”