वॉक म्हणजे आउट नाही

संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला सरांनी मला प्रकल्पासाठी बेसबॉल दिला. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या व्यावसायिक खेळाडूंपैकी बेसवर, म्हणजे फलंदाजानं गाठायच्या टप्प्यावर, सर्वांत जास्त वेळा कोण पोचत होतं, हे जुन्या नोंदींवरून काढायचं. एमएस्सीच्या प्रवेशासाठी त्याचे गुण मला हवेच होते. बेसबॉल मी कधी पाहिला नव्हता. आमच्या घरात कॉलेजला गेलेलंही कुणी नव्हतं, आणि सरांना सारखं विचारायचा मला संकोच वाटायचा. क्रिकेट मात्र कळत होतं. त्याच्याच आधारानं तक्ता केला.

नोंदींत ‘वॉक’ असा एक रकाना होता. क्रिकेटमध्ये फलंदाज वॉक करतो म्हणजे आपण बाद आहोत हे ओळखून, पंचाची वाट न बघता परत निघतो. मी सगळे वॉक बादमध्ये धरले. सरांनी तक्ता पाहिला आणि सही केली.

सोमवारी प्रकल्प जमा करायचा होता. आदल्या दिवशी मी नांदेडहून निलंग्याला घरी गेले आणि बहिणीसमोर वाचून दाखवला. ती दहावीत, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे; तो खेळ बेसबॉलसारखाच.

“आक्का, थांब. वॉक आउटमधी कशाला घातलीस?”

“चालत परत गेला म्हणजे आउटच की.”

“परत न्हाई गं, पुढं जातो. चार बॉल बाहेर पडले की फुकट बेस. मी तशीच जाते.”

बाबा शेंगा फोडत ऐकत होते. “न मारता पोचला, त्येचं काय कौतुक?”

“बाबा, न मारणंच लई अवघड असतंय.”

मला इतका वैताग आला की वही मिटून टाकली. मग नियम वाचले, तर ते चार चेंडूही पहिल्यापासून चार नव्हते. आधी नऊ होते, कमी होत होत चारवर आले. पुन्हा हिशेब केला. ज्या फलंदाजाला तळाला बसवून पुढे मी ‘संयमाचा अभाव’ असं लिहिलं होतं, तो सगळ्यांच्या वर गेला.

सोमवारी सरांना सांगितलं.

“सही झालीय ना? मग कशाला उकरून काढतेस? परीक्षकांनाही क्रिकेटच कळतं. कुणाच्या लक्षात येणारे?”

मला पटकन बोलता येत नाही. तरी म्हणाले, “माझ्या बहिणीच्या, सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग सहीवर आडवी रेघ मारली. “उद्या आण. उशिराचे दोन गुण जातील.”

मंगळवारी नेऊन दिला, दोन गुण गेले. संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगितलं. शाबासकी राहिली बाजूलाच.

“मग मला आधीच का न्हाई इचारलीस?” ती म्हणाली.