आगकाडी जाईल एवढी भेग

माझे सासरे शहाणे आहेत, हे मी कुठेही सांगेन. पण एका बाबतीत त्यांच्याइतका वेडा माणूस मी पाहिलेला नाही. भिंतीला भेग दिसली की त्यांना जेवण गोड लागत नाही. ताट सरकवून उठतील, भेगेवरून बोट फिरवतील, परत येऊन घास घेतील आणि पुन्हा उठतील. "मामंजी, ती भेग काही पळून जात नाही," असं मी शंभरदा म्हटलं असेल. "पळत नाही, पण वाढते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

अडतीस वर्षं गवंडीकाम केलेला हा माणूस. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. आमच्या गल्लीतल्या एकवीस घरांपैकी चौदा त्यांच्या हातची. त्यामुळे कुणाच्याही भिंतीकडे ते आपल्याच घरातलं लेकरू आजारी पडल्यासारखे बघत.

आता खाणीचं सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कोळशाची उघडी खाण तीन किलोमीटरवर होती. लेक झाली तेव्हा दीडवर. लेक पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या कुंपणावरून दगड भिरकावला तर खाणीत पडेल, इतकी जवळ. लोकांना वाटतं खाण म्हणजे एका जागी असलेला खड्डा. छे! ती चालते. आधी झाडं जातात, मग वरची माती खरवडून तिचे डोंगर रचतात, ज्यांवर धड गवतही उगवत नाही. मग खालचा खडक सुरुंगांनी फोडतात आणि मग कुठे कोळसा. खड्डा कोरडा राहावा म्हणून त्यातलं पाणी चोवीस तास पंपानं उपसतात. आमच्या विहिरीचं पाणी आधी खाली गेलं, मग गढूळ झालं, मग गेलंच. दोरीवर पांढरा शर्ट वाळत घातला तर काढताना तो पांढरा होता हे आठवावं लागे.

सुरुंग रोज दुपारी दोनला. भोंगा तीनदा वाजला की सगळ्यांनी फळीवरची भांडी खाली ठेवून अंगणात यायचं, ही आमची शिस्त. मग पायाखालची जमीन एकदा उडी मारायची. पहिल्या वर्षी बायका किंचाळायच्या. नंतर काय, रोज मरे त्याला कोण रडे! शेजारची शिंपीण तर हातातला शर्ट न ठेवताच बाहेर यायची, उभ्या उभ्या काजं करायची आणि धक्का बसला की आत जायची.

पण मिस्त्रींचं काम तेव्हाच सुरू होई. भोंगा वाजायच्या आधी वाळू-सिमेंटचा माल कालवून घमेलं तयार ठेवणारा गवंडी दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही. धूळ खाली बसायच्या आत हे थापी घेऊन निघाले. आधी आपलं घर, मग शिंपिणीचं, मग पुढचं. सगळं फुकट. गल्लीही सोकावली होती. "मिस्त्री, कपाटामागे एक नवीन आलीय हो," अशी हाक आली की म्हातारा धावलाच.

नवरा माझा त्याच खाणीत डंपर चालवतो. म्हणजे दोनला सुरुंग उडणार, तीनला नवरा तो दगड भरून नेणार, आणि चारपर्यंत सासरे त्या सुरुंगाच्या भेगा बुजवणार. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंबलायचं कुणाच्या नावानं? नवऱ्याला मी एकदा म्हटलं, "सोडा ती नोकरी." तो म्हणाला, "शेत होतं तिथे आता खड्डा आहे. सोडून करू काय, खड्डा पेरू?"

हेही चाललं असतं. पण लेकीची छाती भरू लागली. सकाळी उठली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. शाळेच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबायची आणि बुटाची लेस बांधल्याचं नाटक करायची. सात वर्षांच्या पोरीनं ते कुठून शिकावं! डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, औषध मी देतोय. पण खरं औषध म्हणजे इथून हलणं."

म्हणून खाणीच्या पलीकडे, सात किलोमीटरवर, नवी वसाहत होणार असं कळलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. अट एकच होती. जी घरं राहायला अयोग्य ठरतील, त्यांनाच तिथे जागा. वर्षानुवर्षं उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कचेरीनं अखेर एक माणूस पाठवला. त्याच्या हातात वही होती आणि एक आगपेटी. ज्या भेगेत आगकाडी जाते ती भेग मोजायची. अशा पाच भेगा असतील तर दारावर लाल फुली, म्हणजे घर यादीत.

आमच्या घरात तो मोजणीवाला वीस मिनिटं फिरला. माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली. काडी कुठे जाईचना. शेवटी तो थक्क होऊन म्हणाला, "खाणीच्या तोंडाशी एवढं धडधाकट घर मी पाहिलं नाही. कुणी सांभाळलंय?"

"मी," मामंजी म्हणाले. अहो, छाती फुगवून म्हणाले! त्या क्षणी त्यांना घमेल्यासकट खाणीत ढकलून द्यावं असं मला वाटलं.

वहीत नोंद झाली: घर सुस्थितीत. गल्लीत आमचं एकट्याचं. शिंपिणीच्या घराला फुली जेमतेम मिळाली, ती तिच्या जिन्याखाली मिस्त्रींचा हात पोचत नव्हता म्हणून.

त्या दिवशी मी फार बोलले. बोलू नये ते बोलले. "पोरीच्या छातीपेक्षा भिंत मोठी झाली तुम्हाला," असंही म्हणाले. मामंजींनी खाली मान घालून सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, भेग दिसली की बुजवायची, एवढंच मला येतं. ती ठेवायची असते हे मला कुणी शिकवलंच नाही."

अर्ज केल्यावर फेरतपासणी मिळाली, तारीख तीन महिन्यांनंतरची. नवऱ्यानं पहार काढली. "एका दुपारचं काम आहे बाबा. पाच काय, पन्नास पाडतो."

मामंजींनी पहार हातातून काढून घेतली. "खोटी भेग दोन हातांवरून ओळखू येते. घाव वरून बसतो, धक्का खालून येतो. त्या माणसानं एवढ्या भिंती बघितल्यात, तो काय आंधळा आहे? पकडलं तर अर्जच रद्द."

"मग?"

"मग काही करायचं नाही. मी हात लावणार नाही. खाण तिचं काम करेलच की."

बोलायला सोपं होतं. थापी आणि ओळंबा मी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवला, आणि मग सुरू झाले ते तीन महिने. देवा, ते तीन महिने! दोन वाजले की हा माणूस अंगणात येरझाऱ्या घालायचा. धक्का बसला की सवयीनं घमेल्याकडे वळायचा, थबकायचा आणि दोन्ही हात काखेत दाबून उभा राहायचा. हात शिवशिवायचे त्यांचे. कधी अंगणातले दगड एकावर एक रचायचे, ओळीत आहेत का बघायचे, मोडायचे, पुन्हा रचायचे. फुली मिळालेल्या घरांचीही अजून एक पडताळणी बाकी होती, म्हणून हे गल्लीत गेले तर लोक त्यांना बघून दार लावून घेत. "मिस्त्री, तिकडूनच बोला हं, आत येऊ नका," असं शिंपिणीनं तोंडावर सांगितलं. तिनं गमतीत म्हटलं, पण त्यांना ते लागलं. ज्या घरांनी त्यांना हाका मारमारून दमवलं, त्यांच्या उंबरठ्यावर आता त्यांना बंदी.

घर मात्र आपल्या गतीनं फाटत होतं. पहिल्या आठवड्यात केसाएवढी रेघ. महिन्यात नख जाईल एवढी. मामंजी रोज पेन्सिलीनं शेजारी तारीख घालत, कारण फेरतपासणी ठरली तेव्हा मोजणीवाल्यानं तसं सांगितलं होतं. मागच्या खोलीत, लेकीच्या खाटेच्या वर, एक तिरकी भेग छतापासून निघाली होती. तिच्यातून सकाळी उन्हाची पट्टी आत यायची आणि त्या पट्टीत धूळ नाचताना दिसायची. आम्ही खाट ओढून माजघरात आणली. लेकीला गंमत वाटली. मला नाही वाटली. घर पडावं म्हणून मी दिवस मोजत होते आणि घर आपल्यावर पडू नये म्हणूनही मोजत होते. दोन्ही एकाच वेळी. डोकं ठिकाणावर राहील कसं?

एकदा कणीक तिंबून ठेवली आणि पाणी आणायला टँकरवर गेले. परत आले तर परातीत निम्मीच कणीक. मागच्या खोलीत डोकावले. मामंजी स्टुलावर चढून, अंगठ्यानं, त्या तिरक्या भेगेत कणीक भरत होते. इतक्या नीट, इतक्या हलक्या हातानं, की क्षणभर मीही बघत राहिले. कडा साफ, पृष्ठभाग सपाट. पोळीची कणीक, पण काम गवंड्याचं.

"मामंजी!"

ते दचकले. चोरी पकडलेल्या पोरासारखे स्टुलावरून उतरले. "हाताला कळलंच नाही गं," म्हणाले. "धूळ आत येत होती. पोर खोकत होती ना सकाळी."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी ओरडायचं ठरवलं होतं, ओरडताच आलं नाही. केसातला आकडा काढला, स्टुलावर चढले आणि भेगेतली सगळी कणीक कोरून काढली. ते खाली उभे राहून, पडणारे तुकडे दोन्ही हातांच्या ओंजळीत झेलत होते. वरून मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. टाळूवरचे केस विरळ झाले होते. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलंच नव्हतं.

फेरतपासणीला तोच मोजणीवाला आला. आगकाडी आत गेली. एकदा, दोनदा, सातदा. मागच्या खोलीत तर काडी आत पडली ती परत आलीच नाही. त्यानं तारखा तपासल्या, मान डोलावली आणि दारावर लाल फुली मारली. नवऱ्यानं मला डोळ्यांनीच 'झालं' म्हटलं. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मामंजी मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. मोजणीवाल्यानं सही मागितली तेव्हा म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा काम न केल्याबद्दल पास झालो." त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता, लाज होती.

नव्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. ठेकेदाराचं काम, विटा कच्च्या, गिलाव्यात वाळू जास्त. मामंजींनी पहिल्या दिवशी सगळ्या भिंती बोटांच्या पेरांनी ठोकून बघितल्या आणि तोंड वाकडं केलं. पण दोन वाजता जमीन हलत नव्हती. कपडे वाळल्यावर ज्या रंगाचे घातले त्याच रंगाचे निघत. चार महिन्यांत लेकीची शिट्टी थांबली. ती पायऱ्या पळत चढू लागली. लेसची आठवण तिला राहिली नाही. पंप टेबलाच्या खणात गेला. मी सुखी होते, हे मला सांगायलाच हवं. दीड वर्ष मी पुरती सुखी होते.

मग नवरा एका संध्याकाळी कामावरून आला आणि अंघोळही न करता बसून राहिला. म्हणाला, कोळशाचा थर या बाजूलाही येतो. इकडून दुसरं तोंड उघडणार. माती खरवडायला सुरुवात झालीय. कोळसा जमिनीखाली कुठवर पसरलाय हे जागा देताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं आम्हालाही सुचलं नव्हतं.

आठ दिवसांनी, दुपारी, फळीवरचे कप किणकिणले. भोंगा ऐकूही आला नव्हता. लेक अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, ती थांबली. मी बाहेर गेले, मामंजी आत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले.

ते खिडकीपाशी वाकले होते. चौकटीच्या कोपऱ्यातून एक रेघ तिरकी वर निघाली होती, केसाएवढी. ही गिलाव्याची नव्हे, एवढं मलाही आता कळतं. घमेलं त्यांनी आणलेलं होतं. माल कालवलेला होता. थापी हातात होती. पण हात हवेतच थांबला होता, आणि ते माझ्याकडे बघत होते. जन्मभर भिंतीविषयी कुणाला काही न विचारलेला माणूस.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही भरू, की ठेवू?"

बाहेर लेक खोकली. एकदाच. धूळ गेली असेल नाकात, किंवा पळून दमली असेल. मला इतका राग आला, की कुणावर काढावा तेच कळेना. त्यांच्यावर नव्हता, एवढं नक्की.

"ठेवा," मी म्हणाले. "आणि शेजारी तारीख घाला."

त्यांनी थापी घमेल्यात ठेवली आणि पेन्सिल कुठे आहे म्हणून विचारलं. ती लेकीच्या दप्तरात होती. मी आणून दिली.