सायकलची घडी

बोरिवलीच्या फलाटावर कुंडलिक सायकलची घडी घालायचा तेव्हा लोक थांबून बघायचे. बिजागरीचा खटका दाबला, हँडल पाडलं, की सायकल बॅगेएवढी. अंधेरीला उतरून ती उघडायची आणि मरोळच्या कारखान्यापर्यंत हाणायची. "झकास आहे हां, काका!" कुणी म्हणालं, की तो फणकारायचा, "मग तू पण घे ना!"

घरी मात्र घडी म्हटलं की तो अंग चोरायचा. रविवारी बायको, जया, धुतलेली चादर घेऊन समोर उभी राहायची. "अहो, दोन टोकं तरी धरा!" मग तो पेपर आपटून, कुरकुरत धरायचा.

जयाला जाऊन आता वर्ष होईल. तेव्हापासून चादरी दोरीवरून काढून नुसत्या बोळे करून कॉटवर टाकलेल्या असायच्या.

या रविवारी त्या बोळ्यांची त्याला चीड आली. त्यानं सायकल उघडून खोलीच्या मधोमध स्टँडवर लावली. चादरीची दोन टोकं हँडलच्या मुठींना बांधली, उरलेली दोन हातात घेऊन तो मागे सरकला आणि चादर ताणली.

तशी सायकल पाऊलभर त्याच्याकडे आली. टोकं जुळवायला जया यायची, तशी.