केशरी चेंडू

चाळीस वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — नवऱ्यापुढे नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मंजुळेला ओळखत नाही.

आमचं घर म्हैसूरच्या अग्रहारात. आजोबा कापड रंगवायचे, आप्पा ते विकायचे. कापड असो की कलिंगड, अंगठ्यानं दाबून बघायचं, ही सवय घरात सगळ्यांना. "डोळे फसतात गं, बोट फसत नाही," आप्पा म्हणायचे. "गडद रंगात बुडवलं की जुनंपानंही नवं दिसतंय, गोत्तायता?" कळलं का, हे ते नेहमी कन्नडमध्येच विचारायचे.

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात मी होते. बरी खेळायचे — बरीच, त्याहून जास्त नाही. त्या वर्षी वरुणा गावाहून बसनं येणारी मंजुळा संघात आली. खेळ तिला नवा, पण उडी अशी की सर शिट्टी वाजवायचे विसरले. आणि जिल्ह्याच्या संघात आमच्यातली एकच मुलगी जायची. माझ्या पोटात दुखलं. दुसरं काय म्हणू?

सरांनी तिला घरी सराव करायला सांगितलं. चेंडू घ्यायला ती मलाच घेऊन गेली, कारण मी संघातली थोरली, तिची अक्का.

दुकानदारानं दोन चेंडू पुढे ठेवले. एक चामड्याचा, फिकट. दुसरा रबराचा, झगझगीत केशरी. मी दोन्ही दाबले. चामड्याचा अंगठ्याखाली जरासा दबला आणि हळूच वर आला — नवशिक्या हाताला हवा तसाच. केशरी म्हणजे नुसता दगड.

"अक्का, नीवे हेळी," मंजुळा म्हणाली. तुम्हीच सांगा.

मी केशरी चेंडू तिच्या हातात दिला. वर साळसूदपणे समजावलं, की याच्यानं हात घट्ट होतात, मग सामन्यातला चेंडू फुलासारखा वाटेल. आणखी हवाही भरायला लावली. दुकानदारानं माझ्याकडे एकदा बघितलं.

दोन महिने ती गोठ्याच्या भिंतीवर तो चेंडू मारत राहिली. मनगटांच्या वर काळेनिळे डाग पडले. ती मला ते कौतुकानं दाखवायची — किती सराव केला बघा, म्हणून. मी म्हणायचे, सुरुवातीला व्हायचंच. मग हळूहळू, चेंडू अंगावर आला की तिचे डोळे मिटायला लागले. हात आखडायचे. निवडीच्या दिवशी चेंडू चामड्याचा होता, मऊ होता — तरीही डोळे मिटले.

निवड माझी झाली. जिल्ह्याच्या संघात मी सगळा वेळ बाकावर बसून काढला. मंजुळेनं खेळ सोडला.

मत्सर झाला होता, एवढं म्हणून सुटता येतं का? दुकानातला मत्सर घटकाभराचा होता. ते डाग मात्र मी दोन महिने रोज पाहिले — आणि रोज, अगदी शांतपणे, गप्प राहिले. माझं पाप म्हणते ते हे.

गेल्या वर्षी अग्रहारातच भेटली. केस पिकलेले, सोबत दहा-बारा वर्षांची नात. नातीला नुकतंच शाळेच्या संघात घेतलं होतं. मंजुळा तिला कन्नडमध्ये सांगत होती, "माझा पहिला चेंडू या अक्कांनी निवडून दिला होता. चेंडू चांगला होता गं, माझेच हात कच्चे."

मी हसले.

मग आजीनं खूण केली, तशी ती मुलगी भर रस्त्यात वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.