बिजागरीचा जोर

केजला बसस्टँडसमोर आमचं मोबाईलचं दुकान आहे. पुढं काउंटरवर नवरा बसतो आणि मागच्या टेबलावर मी लॅपटॉप दुरुस्त करते. आयटीआयला मी फिटर ट्रेड केला. त्या वर्षी वर्गात मी एकटीच मुलगी होते. पण नवीन गिऱ्हाईक अजूनही लॅपटॉप माझ्यापुढं ठेवतं आणि काय झालंय ते नवऱ्याला सांगतं.

एक मॅडम आल्या, त्यांनी मात्र तसं केलं नाही. जवळच्याच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्या शिकवायच्या. सरळ माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. डाव्या कोपऱ्यात झाकण बुडापासून सुटलं होतं, आतली बिजागरी उघडी पडली होती.

"ताई, सकाळी उघडायला गेले आन् कटकन आवाज आला. पाडलेला न्हाई, काय न्हाई."

असे लॅपटॉप माझ्याकडं सारखे येतात. बिजागरी असते लोखंडाची, पण ती ज्यांच्यावर आवळलेली असते ते पितळी नट ज्वारीच्या दाण्याएवढे आणि प्लास्टिकमध्ये रुतवलेले. ते उपटून आले की झाकण लोंबतं. मी नेहमीचंच केलं. नट जागेवर बसवले, दोन ट्यूबचा डिंक कालवून भोवती भरला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळू दिला. देताना मॅडमना म्हणाले, "आता हलायचं न्हाई."

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. डिंक खरंच हलला नव्हता. पण त्याच कोपऱ्यात वरचं झाकण चिरलं होतं आणि स्क्रीनच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते.

मग कळलं की त्या तालुक्याच्या शिक्षण परिषदेतून थेट आल्या होत्या. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात आणि परतताना तिकडचे शब्द, तिकडच्या गोष्टी घेऊन येतात. मॅडमनी दोन वर्षं त्या गोष्टी पोरांच्याच आवाजात भरून घेतल्या होत्या, पोरांनी काढलेली चित्रं त्यांना जोडली होती. ते सगळं त्या दिवशी परिषदेत दाखवायचं होतं. व्यासपीठावर लॅपटॉप उघडला आणि काच गेली. मग त्यांनी तोंडी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पोरांचा आवाज कुणी ऐकला नाही.

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी चूक हाय का तुमची, ते मला कळंना. तुमाला कळतंय का?"

मला कळत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. आतलं सगळं शाबूत आहे, स्क्रीन आणि झाकण मी माझ्या खर्चानं नवं बसवून देते, पण चार दिवस द्या, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी माझ्या आयटीआयच्या सरांकडं गेले. सर आता निवृत्त झालेत, घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा लोखंड पकडायचा वाइस आणि हत्यारं आहेत. लॅपटॉप त्यांनी कधी वापरलेला नाही. मी चिरलेला कोपरा दाखवायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"कुठं तुटलं ते काय दाखवतीस? कावून तुटलं ते सांग."

"प्लास्टिक हलकं असतंय, सर."

"मग एवढे दिवस कसं टिकलं बे ते?"

वर्गातल्या पोरांना म्हणायचे तसं मलाही ते 'बे' म्हणाले, त्याचं मला बरं वाटलं.

त्यांनी मला बिजागरी सोडवायला लावली. हातात घेऊन फिरवायला गेले तर ती जागची हलेना. मी शेकडो लॅपटॉप उघडले होते, पण बिजागरी एकटी अशी हातात धरून कधी फिरवून बघितली नव्हती. दुकानातून सोबत आणलेली एक नवी बिजागरी फिरवली, तर ती लोण्यातून गेल्यासारखी गेली.

बिजागरीच्या दांड्यावर चकत्या असतात आणि टोकाला एक नट. नट चकत्यांना दाबतो, म्हणून झाकण जिथं सोडाल तिथं थांबतं. मॅडमचा लॅपटॉप रोज जीपमधून, फुफाट्यातून जायचा. चकत्यांमधलं ग्रीस वाळून त्यात धूळ बसली होती. झाकण उघडताना लागणारा सगळा जोर त्या पितळी दाण्यांवर येत होता. मी खाली डिंक भरून पक्कं केलं, तेव्हा तोच जोर वर झाकणात गेला.

"म्हणजे काच मीच फोडली," मी म्हणाले.

"तू फोडली," सर म्हणाले. "आन् ज्यानं ही आखली त्यानंबी. झाकण पडू नये याचा इचार केला त्यानं. ग्रीस वाळल्यावर जोर कुठं जाईल, याचा न्हाई केला."

मला रडू येईल असं वाटलं, पण त्यांनी हातात कानस दिली. चकत्या रॉकेलमध्ये धुतल्या, नवं ग्रीस लावलं, नट पाव फेरा ढिला केला. नुसत्या नटांवर भार नको म्हणून बुडाच्या रुंदीची पट्टी करायचं ठरलं. पहिली ॲल्युमिनियमची केली, ती इतकी जाड झाली की बूड बंदच होईना. मग सरांच्या बायकोनं एका जुन्या स्टीलच्या डब्याचं झाकण दिलं. त्या पत्र्याची पट्टी नेमकी बसली. स्क्रू मात्र खालून आरपार घ्यावे लागले.

चौथ्या दिवशी मॅडम आल्या, तेव्हा ते स्क्रू बाहेरून दिसतात म्हणून मी आधीच माफी मागितली. त्यांनी लॅपटॉप उलटा करून बघितला. "बुडाकडं कोण बघतंय, ताई?" म्हणाल्या आणि उघडून एका पोराची गोष्ट तिथंच लावली. काउंटरवरचं गिऱ्हाईकसुद्धा थांबून ऐकत राहिलं.

तेव्हापासून टेबलावर आलेल्या प्रत्येक लॅपटॉपची बिजागरी मी आधी सोडवते आणि हातात धरून फिरवते. पट्टीचं चित्र काढून, फोटो जोडून मी लॅपटॉपच्या कंपनीलाही पाठवलं होतं. तक्रार मिळाली, असं मशीनचं उत्तर आलं. पुढं काही नाही.

उन्हाळा लागताना ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, तेव्हा मॅडमनी शाळेत पालकांना बोलावलं आणि मलाही. ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्या एकेक गोष्ट लावत होत्या. माझ्याशेजारी कालच गावात आलेली एक बाई बसली होती, ऊस तोडून हातांना चिरा पडलेल्या. तिची मुलगी मागच्या हंगामात आईबापांबरोबर उसाच्या फडावर होती, यंदा मावशीकडं राहून शाळेत गेली. मुलीनं फडावरच्या कोपीची, त्यांच्या पाचटाच्या झोपडीची गोष्ट सांगितली होती. रात्री वारा आला की कोपी कशी हलायची आणि ती पडू नये म्हणून आई मेढीच्या खांबाला पाठ लावून कशी बसायची.

बाईनं पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, ती झोपलेली असायची," ती मला म्हणाली.

मग तिनं मॅडमना तीच गोष्ट पुन्हा लावायला सांगितली.