सॉकेटातली हळद

यंत्रानं स्वतःहून मला काही विचारलं की माझं डोकं फिरतं. 'अपडेट करू का?' असं हल्ली मोबाइलसुद्धा विचारतो. मी 'नाही' दाबतो आणि घरचे हसतात. हसू देत. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट आहे ही, आणि तेव्हा मी 'हो' दाबलं होतं.

कळमनुरीत नांदेड रस्त्याला माझं एका शटरचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारींसाठी मी कार्डं बनवायचो. लाइट आली की दोन मिनिटं थांबून मोटार आपोआप सुरू करायची आणि विहिरीचं पाणी खाली गेलं की बंद करायची, एवढं त्या कार्डाचं काम. कार्डावर एक चिप असायची. ती बाजारातून कोरी यायची आणि तिच्यात मी लिहिलेला प्रोग्राम भरायला माझ्याकडे कंपासपेटीएवढी एक डबी होती. तिला आम्ही प्रोग्रामर म्हणायचो. डबीवर चिप बसवायचं सॉकेट, बाजूला एक खटका. खटका पाडला की सॉकेट चिपचे पाय घट्ट धरायचं, वायर कॉम्प्युटरला, आणि बटण दाबलं की हिरवा दिवा. या डबीच्या पोटात तिचा स्वतःचाही एक छोटा प्रोग्राम असतो, तो म्हणजे फर्मवेअर. दोन वर्षं त्या फर्मवेअरनं मला काही त्रास दिला नव्हता आणि मीही त्याला दिला नव्हता.

त्या साली नवरात्रात नांदेडहून मी डबीच्या नव्या सॉफ्टवेअरची सीडी आणली. जुनं नीट चालत होतं. तरी आणली, कारण नवीन होती. अष्टमीच्या दुपारी सीडी घातली. स्क्रीनवर चौकट आली: डबीचं फर्मवेअर जुनं आहे, अपडेट करू का? मी 'यस' दाबलं. दोन मिनिटांत 'सक्सेसफुल' आलं. लगेच एक चिप भरून बघायला हवी होती, पण तेवढ्यात लाइट गेली आणि मी शटर ओढून घरी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजा झालेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गल्लीतल्या देवीची पूजा आमच्या घराकडे, आणि रोज पहाटे देवीच्या मुखवट्यावर कुंकवाचा मळवट भरायचं काम अण्णांचं. पन्नासेक वर्षं तो हात चालला होता. भुवईच्या वर करंगळीनं अशी रेघ ओढायचे की बघणाऱ्यानं श्वास धरावा. नवमीला देवळातली गर्दी आटोपून ते माझ्या दुकानात आले. सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, कॉम्प्युटर, सगळं एका सतरंजीवर मांडलं होतं. प्रत्येकाला हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. डबी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "याचं तोंड कुठं हाय?"

"हेच काय ते," मी सॉकेट दाखवलं.

"मग इथं न्हाई लावत. पाठीवर लावतो." त्यांनी झाकणाच्या कोपऱ्यात एक बोट हळद, एक बोट कुंकू लावलं. हे मी पाहिलं होतं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. अकरा कार्डं भरून द्यायची होती. त्यातली चार तांड्यावरच्या एका काकांची. त्यांनी हळदीच्या पिकाला पाणी द्यायला मोटारी जोडून ठेवल्या होत्या आणि ते फक्त माझ्या कार्डांसाठी थांबले होते. मी चिप बसवली, खटका पाडला, बटण दाबलं. लाल दिवा. 'व्हेरिफाय एरर, अॅड्रेस झीरो.' दुसरी चिप, तेच. तिसरी, तेच. म्हणजे चिपच्या पहिल्याच घरात गाडी अडलेली. डझनभर चिपा बसवून बघितल्या आणि मग डबी उजेडाकडे धरून न्याहाळली. सॉकेटाच्या खटक्याजवळ हळदीचा पिवळा कण होता. एकच, मोहरीएवढा.

मी डबी घेऊन तरातरा घरी गेलो. अण्णा ओसरीवर वाती वळत बसले होते. आई तिथंच होती, शेजारचे दोघं होते. मी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही.

"ही काय देवीची मूर्ती हाय का, हळद फासायला? साकेटात गेली सगळी. वाट लागली माझ्या मशीनची!"

"मी तोंडाला लावलंच न्हाई," अण्णा म्हणाले. "पाठीला लावलं."

"मग ही कुठून आली? तुमाला दिसत न्हाई आता, हात चुकतो तुमचा, आन् कबूल करायचं न्हाई!"

त्यांनी डबी मागून घेतली, चष्मा वर करून खटक्याजवळ बघितली. तो कण त्यांना दिसला असावा. डबी त्यांनी दोन्ही हातांनी मला परत दिली.

पुढचे पंधरा दिवस माझी जी तकलीफ झाली ती मी कुणाला सांगितली तर लोक मला मूर्ख म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. आधी सॉकेट पेट्रोलनं धुतलं. टूथब्रशनं घासलं. सुईनं एकेका फटीतून काडी-कचरा काढला, त्यात हळद नव्हती, पण मला वाटलं आत खोल गेली असणार. लाल दिवा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. फर्मवेअर परत अपडेट केलं, एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी 'सक्सेसफुल' आणि प्रत्येक वेळी लाल दिवा. त्या 'सक्सेसफुल'चा मला इतका संताप यायचा की एकदा मी माउस भिंतीवर आपटला. मग नवा माउस आणायला हिंगोलीला गेलो, कारण कळमनुरीत त्या दिवशी दुकानं बंद होती.

हिंगोलीला गेलोच होतो तर नेट कॅफेत बसलो. बनवणाऱ्यांच्या साइटवर जुनं फर्मवेअर मिळतंय का बघायला. फाइल डाउनलोड व्हायला लागली आणि नव्वद टक्क्यांवर लाइन तुटली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळी उतरली, पेन ड्राइव्हवर घेतली, घरी आलो, आणि पेन ड्राइव्हमध्ये फाइलच्या जोडीला कॅफेतला व्हायरस. कॉम्प्युटर धुऊन काढण्यात दोन दिवस गेले. नंतर ती फाइल चालवली तर चौकट म्हणाली, डबीत याहून नवं फर्मवेअर आहे, मागं जाता येणार नाही. मागं जाता येणार नाही! मग पुढं जाताना विचारलंस कशाला?

हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवून एक बाई हिंदीत म्हणाल्या, "सॉकेट क्लीन किया क्या सर?" मला तेवढंच पाहिजे होतं. बघा, तेही हेच म्हणतात, असं मी आईला ऐकवलं. अण्णा आतल्या खोलीत होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

शेवटी नांदेडहून नवं सॉकेट आणलं. जुन्याचे चाळीस पाय एकेक करून सोल्डरमधून सोडवले, नवे चाळीस जोडले. आता हळदीचा प्रश्नच नव्हता, सॉकेट कोरं करकरीत होतं. बटण दाबलं. लाल दिवा. इतकं झाल्यावर तरी माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी काय म्हणालो? हळदीनं आतलं सर्किट जळालं असणार. मीटर लावून सॉकेटावर पाच व्होल्ट येतात का हे बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मीच सांगायचो की आधी सप्लाय बघा, वीज पोचते का ते. पण मी बघितला नाही, कारण मला गुन्हेगार आधीच सापडला होता.

तांड्यावरचे काका दर बाजाराला यायचे. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी आत जुनं सॉकेट चाचपत होतो आणि अण्णा बाहेर स्टुलावर बसलेले. काका म्हणाले, "महाराज, पोरगं काहून टाळून राहिलं आमाला?"

"त्याला बोल लावू नका," अण्णांचा आवाज आला. "माझ्या हातानं बिघडली त्याची मशीन. पूजेला हळद जास्त लागली. मी म्हातारा झालो, हात चुकतो. तो बिचारा रोज खपून राहिला."

काका म्हणाले, "असं व्हय," आणि गेले. मी आतच बसून राहिलो. त्याच आठवड्यात आईनं सांगितलं की देवीचा मळवट आता माझा चुलतभाऊ भरतो. अण्णांनीच त्याला सांगितलं, "आजपासून तू भर, माझा हात धड राहिला न्हाई." मला थोडं टोचलं, पण खरं सांगायचं तर मी मनात म्हणालो, बरं झालं, वयानुसार सोडायलाच हवं. असा मी होतो.

सोळाव्या की सतराव्या दिवशी करायला काहीच उरलं नाही म्हणून मी सीडीतल्या फाइली एकेक उघडत बसलो. एका फाइलचं नाव 'रीड मी' होतं. मला वाचा, असं नावातच लिहिलेलं, आणि मी ती कधी उघडली नव्हती. चौथ्या परिच्छेदात मी वापरायचो त्याच चिपांच्या सिरीजचं नाव होतं. नव्या फर्मवेअरपासून या चिपांना डबीकडून सप्लाय मिळणार नाही. पाच व्होल्ट बाहेरून जोडावेत.

एवढंच. एका जुन्या अॅडॉप्टरच्या दोन वायरी तोडल्या, सॉकेटाच्या दोन पायांना लावल्या, बटण दाबलं. हिरवा दिवा. तासाभरात अकरा कार्डं भरून झाली. आनंद झाला का? नाही झाला. मला तो नवमीचा दिवस दिसत होता, डबी हातात घेऊन "याचं तोंड कुठं हाय?" विचारणारे अण्णा दिसत होते. तो मोहरीएवढा कण माझ्याच बोटाचा होता, खटका पाडताना झाकणाला हात लागून तिथं गेलेला. दुसरं कुणाचं बोट तिथं जातच नव्हतं.

मी देवळात गेलो. चुलतभाऊ मळवट भरून गेला होता. उजवीकडे कुंकू भुवईवर उतरलं होतं आणि अण्णा खाली बसून तिकडे न बघता फुलं निवडत होते.

"अण्णा, हळदीमुळं झालं नव्हतं ते," मी म्हणालो. "माझीच चूक होती. अष्टमीला मी अपडेट केलं, त्यानं झालं. तुमी बराबर लावलं होतं."

"असू दे रे."

"असू दे न्हाई. खरंच सांगतोय. माझ्याच बोटानं गेली ती हळद तिथं."

ते हसले. लहानपणी मी काही तरी लपवत असलो की हसायचे तसं. "तू चांगला हाईस," म्हणाले. "पण माझी समजूत काढू नको."

मी त्यांना हाताला धरून दुकानात आणलं. वायर काढून दाखवली, लाल दिवा. वायर लावून दाखवली, हिरवा. पुन्हा काढली, पुन्हा लावली. रीड मीमधल्या त्या ओळी मराठीत करून वाचून दाखवल्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं, कुठं मान डोलवली, कुठं "व्हय" म्हटलं. माझा आवाज चढायला लागला होता, तो मी दाबला.

"दिसलं ना आता?"

"दिसलं," अण्णा म्हणाले. "पण त्या दिवशी तू चिडून बोललास, ते पोटातून आलं होतं. आज तू इचार करून बोलून राहिलास."

मी पुन्हा वायर काढायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. त्या तांड्यावरच्या माणसाला निरोप धाड, कार्डं झाली म्हणून."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम देवळात गेलो. अण्णांनी समई लावली, कुंकवाची वाटी उचलली आणि चुलतभावाच्या हातात दिली.