लाभाचं लुगडं

आज सकाळी दूध घेऊन येताना नाकात फक्कीचा वास शिरला. आमच्या इमारतीमागच्या मैदानावर दोन माणसं चुन्याची पांढरी भुकटी सोडत रेघा मारत होती. हातात लोखंडी टेप, काम सुतासारखं सरळ. चुन्याचा वास काही गोड नसतो. घशात खवखवतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि त्या पाण्याला चुना म्हणायचं की रडणं, हे ज्याचं त्याने ठरवावं. घरी आलो, दूध ओट्यावर तसंच ठेवलं आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी माझ्या आईचं नऊवारी लुगडं आहे. एके काळी हिरवंगार होतं, आता शेवाळाच्या रंगावर गेलंय. त्याच्या एका टोकाला चाळीस वर्षांपूर्वीची फक्की अजून धरून आहे. बायकोने ते लुगडं कितीदा तरी धुतलं, पण ते टोक कधी घासलं नाही. तिला जाऊन आठ महिने झाले.

"चौथीपर्यंत शिकलात आणि जन्मभर शाळेत राहिलात," असं ती मला चिडवायची. खोटं नव्हतं. घाटकोपरच्या डोंगराखाली एका शाळेत मी शिपाई होतो. घंटा द्यायची, मैदान झाडायचं, शाळेमागच्या खोलीत दोघांनी राहायचं. आम्हाला मूल झालं नाही, त्याचं रडगाणं इथे गात नाही. साल चौऱ्याऐंशीच्या आसपास असेल. पाचवीत एक पोर होती, काटकुळी, गुडघे कायम खरचटलेले. तिची आई एका दुपारी विळीवर अर्धी चिरलेली भेंडी तशीच टाकून घर सोडून गेली. का गेली ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं तेच जास्त बोलायचे. डोंगरावरच्या वस्तीत त्या गोष्टीला एकच शब्द होता: पळाली. मोठ्यांनी तो नळावर वापरला आणि पोरांनी तो शाळेत आणला.

"ए पळालीची पोर! आई कुठवर पोचली गं?"

"अरे, ही पण पळणार बघ एक दिवस. रक्तातच आहे ना!"

आणि ती पोर काय करायची? पळायची! लपायची नाही, रडायची नाही, कुणाला चावायची नाही. मधल्या सुट्टीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट जायची, भिंतीला हात लावायचा, वळायचं, पुन्हा सुटायचं. पायांखालची माती अशी उडायची की मला दुसऱ्यांदा पाणी मारावं लागायचं. एकदा मी दंड पकडून थांबवलं. म्हटलं, "काय गं, मागे वाघ लागलाय काय?" ती धापा टाकत म्हणाली, "मामा, पळताना कानात वारा भरतो. मग कुणाचं काही ऐकू येत नाही." मी तिला तशीच खोलीवर नेली. बायकोने काही न विचारता पेजेचं ताट पुढे सरकवलं, वर भाजलेला सुका बांगडा. त्या दिवसापासून आमच्या घरी पेज तिघांची शिजायला लागली.

बाप रबराच्या कारखान्यात कामाला. दारू नाही, मारहाण नाही, पण तोंडातून शब्द नाही. पळ हा शब्द तर त्या घरात बंदच झाला होता. बस सुटत असली तरी तो पोरीला "चल, चल" म्हणायचा. आणि एक दिवस त्याने ठरवून टाकलं की नाताळच्या सुट्टीत पोरीला गावी आत्याकडे पोचवायची, तिथे कुणी चिडवणार नाही. पोर बायकोकडे आली आणि चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "मामी, आई परत आली आणि मी इथे नसले, तर?"

माझी बायको सहसा कुणाच्या दारात जाणारी नाही. त्या संध्याकाळी पदर खोचून डोंगर चढली. बापाला आपल्या मालवणीत म्हणाली, "नाताळ खंय पळान जाणा नाय. त्याच्याआदी मुलुंडाक शर्यती आसत. पोर धावतली. तुमी बघूक येवा. मगे न्हेवा." बाप एवढंच म्हणाला, "बघतो."

आता शर्यत म्हटली की सरावाला रेघा हव्यात. पीटीच्या सरांनी तिचं नाव शंभर मीटरला घातलं होतं. शाळेचं टेप मध्येच तुटलेलं, नवीन येईल तेव्हा येईल. सर म्हणाले, "मामा, घरी काही लांबलचक मापाचं आहे का?" मी म्हटलं, आईचं लुगडं आहे, नऊ वार. सरांनी कागदावर हिशेब केला: नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तर बारा वेळा लुगडं टाका आणि वर अडीच हात धरा. रविवारी सकाळी मी आणि बायको मैदानावर गेलो. काय सकाळ होती ती! थंडी अशी की फक्कीच्या पाटीतूनही वाफ निघते की काय वाटावं. लुगड्याचं मागचं टोक तिच्या हातात, पुढचं माझ्या, मध्ये वारा शिरून लुगडं शिडासारखं फुगतंय, आणि ती हसून हसून वाकतेय, "अहो ओढा, नायतर मी उडान जातलंय!" पहिलं लुगडं जमिनीला लागलं तशी ती ओरडली, "लाभ!"

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कधी भात मापला असेल त्यांना हे कळेल. आमच्याकडे मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. शुभ असतं ते. मलाही ठाऊक होतं. पण तिचं ते हसणं बघता बघता मी पुढच्या लुगड्याला "एक" म्हटलं आणि तिथून बारा मोजले. रेघ मारून टाकली. दोघांनाही पत्ता नाही.

त्या रेघांवर पोर महिनाभर पळाली. सरांच्या हातात घड्याळ, कपाळावर आठ्या. "सुरुवात झकास करते मामा, पण शेवटी वेळ जमतच नाही. नाव खोडावं लागेल." पोर ऐकायची आणि पुन्हा मागच्या रेघेवर जाऊन उभी राहायची. सरांच्याने नाव काही खोडवलं नाही.

आणि मग मुलुंडचं ते मैदान! इतक्या शाळा, इतका गलका, इतक्या शिट्ट्या! बाप आला. कारखान्यातून तसाच, हात काळे, लांब कुंपणाच्या भिंतीला टेकून उभा. शिट्टी झाली आणि सहा पोरी सुटल्या. आमची चौथी! बायकोने माझा शर्ट मुठीत धरला. अर्ध्यात अजून चौथी. मग आमच्या शाळेची पोरं, तीच, रोज जीव खाणारी, दोरीवर ओणवी होऊन बोंबलायला लागली, "पळ! पळ! अरे पळ ना!" आणि त्या सगळ्या आवाजांवरून मागून एक आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा, वर्षभर न वापरलेला: "पळ गं बाय! पळ! थांबू नको, पळ!" आम्ही वळून बघितलं. बाप भिंतीवर चढला होता. दोन्ही काळे हात वर केलेले.

शेवटचे वीस मीटर मी जन्मात विसरणार नाही. बाकीच्यांना फीत दिसली आणि त्या ढिल्या पडल्या. आमचीला फीत दिसलीच नाही. तिची रेघ अजून पुढे होती! तिने तिसरी टाकली, दुसरी टाकली, पहिलीच्या खांद्याला खांदा... पहिली आली असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. दुसरी आली, वीतभराने. पण फीत तोडणारी थांबली आणि आमची थांबेचना! तशीच पुढे गेली, आणि मग गोंधळून जमिनीकडे बघत परत आली. "मामा, रेघ कुठे गेली?"

बाप भिंतीवरून उतरून आला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, केसांना रबराचा काळा लागला. बायकोकडे बघून एवढंच म्हणाला, "गावी मैदान नाही, वहिनी."

सोमवारी सरांनी कुठूनसं टेप आणून आमच्या रेघा मोजल्या आणि डोक्याला हात लावला. "अहो मामा, एकशे आठ! इथे जप करायचा होता काय?" बायकोने तोंडाला पदर लावला. "मिया लाभ म्हटलंय. तुमी एक खंयसून काढलात?" पुढचे कित्येक दिवस भाकरी थापता थापताही तिला ते आठवून हसू फुटायचं.

पोरीची आई परत आली नाही, हेही सांगून टाकतो. पोर मात्र इथेच वाढली, दहावी झाली, आता बोरिवलीला असते, गुडघे दुखतात म्हणते. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच दारात. पन्नाशीची बाई, घामाने भिजलेली, छाती भात्यासारखी हलतेय. "रिक्षा सिग्नलला अडकली मामा. उतरले आणि पळत आले."

तर आज ते लुगडं काढलं आणि मोजायला गेलो. एक टोक खिडकीच्या कडीला अडकवलं, दुसरं ओढत दारापर्यंत आलो. खोली संपली, लुगडं उरलं. मध्ये ते जमिनीला टेकलं, कारण कडी काही ओढून धरत नाही, हसत तर नाहीच. लुगड्याने मोजायला दोन माणसं लागतात, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची वेळच आली नव्हती. तिच्यासोबतची वर्षंसुद्धा मी एकपासूनच मोजत आलो. चुकलंच. लाभाचं पहिलं वर्ष मोजणीतच धरलं नव्हतं बहुतेक, म्हणूनच हाती आली त्यापेक्षा जास्त जगल्यासारखी वाटतात.

पोरीला फोन लावला. म्हटलं, "रविवारी ये. लुगड्याचं एक टोक धरायला माणूस हवंय."

"येते मामा. पण आता पळत नाही हां, रिक्षाने येणार."

"ये गं बाय, सावकाश ये," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि लुगड्याचं पांढरं टोक घट्ट धरून, रिकाम्या खोलीत, मोठ्याने म्हटलं, "लाभ."